अनाथांची भिंत : युद्धानंतरचा ढिगारा आणि आपल्यावरील अमानत

दिव्य कुरआनच्या सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या एका प्रवासाची हकिगत आली आहे. अल्लाहचा एक ज्ञानी दास त्यांच्यासोबत होता. हदीसमध्ये त्याचे नाव हजरत खिज्र (अ.) असे आले आहे. चालता चालता दोघे एका वस्तीत पोहोचले. भूक लागली होती म्हणून त्यांनी अन्न मागितले, परंतु वस्तीतील लोकांनी त्यांचा पाहुणचार करण्यास साफ नकार दिला. त्याच वस्तीत एक भिंत कोसळण्याच्या बेतात उभी होती. हजरत खिज्र (अ.) यांनी ती भिंत नीट उभी करून दिली आणि कसलाही मोबदला घेतला नाही. अशा कृपण लोकांसाठी फुकट श्रम कशासाठी, असा प्रश्न हजरत मूसा (अ.) यांना पडला. पुढे उलगडा झाला तो असा की, ती भिंत त्या गावातील दोन अनाथ मुलांची होती. तिच्याखाली त्यांचा ठेवा पुरलेला होता, त्यांचे वडील सदाचारी होते, आणि मुले वयात आल्यावर त्यांनी तो ठेवा स्वतः काढून घ्यावा अशी अल्लाहची इच्छा होती (सूरह कहफ : ७७ ते ८२).

या प्रसंगातून भाष्यकारांनी ईश्वरी हिकमतीचे अनेक अर्थ उलगडले आहेत. आज आपल्याला त्यातील एकाच बाबीचा विचार करावयाचा आहे. ती भिंत जर पडली असती, तर विटामातीच्या ढिगाऱ्याखालचा ठेवा उघडा पडला असता आणि ज्यांनी दोन भुकेल्या वाटसरूंना घासभर अन्न दिले नाही, त्यांनी अनाथांचा हक्क राखला असता असे समजण्यास काही आधार नाही. रस्त्याने जाणाऱ्याला ती केवळ एक पडकी भिंत दिसत होती. अल्लाहच्या दृष्टीने मात्र ती दोन मुलांची अमानत होती.

युद्ध संपल्यानंतर उद्ध्वस्त शहरांत जे ढिगारे उरतात, त्यांच्याकडे श्रद्धावंताने कोणत्या दृष्टीने पाहावे, याचे उत्तर या भिंतीपाशी सापडते.

मोसूलचा ढिगारा

उदाहरणादाखल इराकमधील मोसूल शहर घेऊ. दजला नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले हे प्राचीन शहर जून २०१४ मध्ये ‘दाइश’ या हिंसक संघटनेच्या ताब्यात गेले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते परत मिळवण्याची लढाई सुरू झाली आणि जुलै २०१७ मध्ये ती संपली. शेवटचे महिने पश्चिम तीरावरील जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत लढाई झाली. एका बाजूने सुरुंग व स्फोटांनी भरलेली वाहने, दुसऱ्या बाजूने तोफा व विमानांचा मारा, आणि मध्ये अडकलेली सामान्य माणसे, अशी ती लढाई होती. दजलेवरील पाचही पूल निकामी झाले. २१ जून २०१७ रोजी दाइशने माघार घेताना शहराची ओळख असलेली अन्-नूरी मशीद व तिचा कललेला मनोरा, ‘अल्-हदबा’, सुरुंग लावून उडवून दिला.

लढाई थांबली तेव्हा शहरात सुमारे ८० लाख टन ढिगारा साचलेला असल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांनी वर्तवला.

युद्धात शत्रूशी लढतानाही वस्ती उजाड करण्याची परवानगी इस्लामने दिलेली नाही. पहिले खलीफा हजरत अबू बक्र (रजि.) यांनी सीरियाकडे सैन्य पाठवताना सेनापतीला ज्या सूचना दिल्या, त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध यांना मारू नये, फळझाडे तोडू नयेत आणि आबाद वस्ती उद्ध्वस्त करू नये, अशी ताकीद होती. शेती आणि पिढ्या यांचा नाश करण्यास कुरआनने ‘फसाद’ म्हटले आहे आणि अल्लाहला फसाद पसंत नाही हेही तेथेच स्पष्ट केले आहे (सूरह बकरा : २०५). ज्यांनी हा नाश केला, ते अल्लाहपुढे उत्तरदायी आहेत. परंतु ढिगारा उपसणाऱ्यांवरही एक जबाबदारी येते. ती पाच हक्कांच्या रूपाने समजून घेता येईल.

पहिला हक्क : मृतांचा

ढिगाऱ्यावर पहिला हक्क त्याच्याखाली दबलेल्या माणसांचा आहे. जिवंत कोणी असेल तर त्याला वाचवणे हे सर्वांत आधी. एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, ही सूरह माइदामधील शिकवण (आयत ३२) सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर मृतांची पाळी येते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले आहे की मृताचे हाड मोडणे हे जिवंत माणसाचे हाड मोडण्यासारखेच आहे. ही हदीस ‘सुनन अबू दाऊद’मध्ये आहे. बुलडोझर चालवणाऱ्याने ती ध्यानात ठेवली, तर त्याच्या यंत्राची गती आपोआप बदलेल. जेथे मृतदेह असण्याची शक्यता आहे, तेथे यंत्र थांबते, हात पुढे येतात. सापडलेल्या देहाची ओळख पटवणे, त्याच्याजवळच्या वस्तू नोंदवून ठेवणे आणि सन्मानाने दफन करणे, हे त्या हाताचे काम आहे.

मोसूलच्या जुन्या शहरात लढाईनंतरही कित्येक महिने घराघरांत मृतदेह पडून होते. तेव्हा एका तरुण परिचारिकेच्या पुढाकाराने काही स्वयंसेवक तरुण-तरुणी हातमोजे व मुखपट्ट्या लावून त्या गल्ल्यांत उतरले. आजूबाजूला न फुटलेले बॉम्ब होते, उन्हाळा होता, दुर्गंधी होती. तरीही त्यांनी शेकडो देह बाहेर काढले. मृताचे दफन ही ‘फर्ज-ए-किफाया’ आहे, म्हणजे समाजातील काहींनी ती पार पाडली तर सर्वांची सुटका होते, आणि कोणीच पार पाडली नाही तर सारा समाज दोषी ठरतो. त्या मूठभर तरुणांनी एका संपूर्ण शहराच्या मानेवरील ओझे उतरवले.

दुसरा हक्क : जिवंतांच्या सुरक्षिततेचा

ईमानच्या साठ किंवा सत्तरहून अधिक शाखा आहेत, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. त्यांतील सर्वोच्च शाखा अल्लाहशिवाय कोणी उपास्य नाही ही साक्ष, तर सर्वांत खालची शाखा म्हणजे वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे. आपण ही हदीस बहुधा रस्त्यातील दगड, काटा किंवा केळीची साल एवढ्यापुरती समजून घेतो. मोसूलच्या रस्त्यावरील त्रासदायक वस्तू म्हणजे दाराच्या उंबरठ्याखाली पुरलेला सुरुंग, मुलांच्या खेळण्यात लपवलेला स्फोटक सापळा, छताला अडकून राहिलेला न फुटलेला तोफगोळा.

हा धोका लढाईबरोबर संपत नाही. अन्-नूरी मशिदीच्या पुनर्बांधणीचे काम चालू असताना, म्हणजे लढाई संपून सात वर्षे लोटल्यावर, जून २०२४ मध्ये नमाजगृहाच्या दक्षिण भिंतीत लपवलेले पाच बॉम्ब सापडले. काम थांबवावे लागले, परिसर रिकामा करावा लागला आणि तज्ज्ञांनी ते बॉम्ब निकामी केल्यानंतरच कामगार परतले.

म्हणून युद्धोत्तर ढिगारा उपसण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी स्फोटके शोधणारे प्रशिक्षित पथक, मग यंत्रे, मग मजूर, आणि सर्वांत शेवटी रहिवासी. घरी परतण्याच्या ओढीने हा क्रम मोडला गेला, की पुन्हा जनाजे उठतात. सिमेंटची बारीक धूळ आणि जुन्या पत्र्यांतील ॲस्बेस्टॉस ही आणखी एक अदृश्य आपत्ती. तिच्यापासून मजुराला वाचवणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला हानी पोहोचवू नये, हा शरीयतचा सर्वमान्य मूलनियम आहे आणि तो ढिगाऱ्यावरही लागू होतो.

कललेल्या भिंतींविषयी तर हनफी फिक्हच्या ग्रंथांत स्वतंत्र प्रकरण आढळते. भिंत रस्त्याकडे कलली, मालकाला तशी सूचना देण्यात आली, ती पाडण्यास पुरेसा अवधी मिळाला आणि तरीही त्याने हयगय केली, तर तिच्याखाली होणाऱ्या हानीची भरपाई त्याच्यावर येते. आपल्या विद्वानांनी शेकडो वर्षांपूर्वी एका भिंतीचा इतका बारीक विचार केला होता, याचे कारण त्या भिंतीखालून जाणाऱ्या माणसाचा जीव त्यांना मोलाचा वाटत होता.

तिसरा हक्क : मालकाचा

येथे आपण अनाथांच्या भिंतीकडे परत येतो. ढिगारा हा बेवारस कचरा नव्हे. त्यातील प्रत्येक वीट, लोखंडाची प्रत्येक सळई, लाकडी दार, दागिन्यांची डबी आणि मालकीहक्काचा कागद कोणाचा तरी आहे. मालक निर्वासित छावणीत असेल, परदेशात असेल किंवा कबरीत असेल आणि त्याची लहान मुले वारस असतील. मालक हजर नाही म्हणून मालकी संपत नाही.

सापडलेल्या मौल्यवान वस्तूविषयी प्रेषितांनी (स.) शिकवले की तिची ओळख नीट लक्षात ठेवावी आणि वर्षभर तिची जाहीर वाच्यता करावी. जमिनीविषयीची ताकीद तर फार कठोर आहे. जो दुसऱ्याची वीतभर जमीन अन्यायाने बळकावील, त्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचा जोखड घातला जाईल. जेथे भिंतीच उरल्या नाहीत, तेथे हद्दी पुसल्या जातात आणि वीतभर सरकणे फार सोपे असते. म्हणून ढिगारा हलवण्यापूर्वी घरांची मोजणी, छायाचित्रे, शेजाऱ्यांच्या साक्षी आणि नोंदवही हे सारे झाले पाहिजे. नोंद न करता ढिगारा उचलणारा कंत्राटदार अनेकदा मालकाचा शेवटचा पुरावाच उचलून नेतो.

बहुमजली इमारतींत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. खालचा मजला एकाचा, वरचा दुसऱ्याचा, आणि दोन्ही कोसळले. हनफी विद्वानांनी याचाही विचार केला आहे. खालच्या मजल्याच्या मालकाला बांधण्याची सक्ती करता येत नाही. परंतु वरच्या मालकाने आपला मजला उभारण्यासाठी खालचा बांधला, तर खर्च मिळेपर्यंत तो खालच्या मालकाला त्याचा उपभोग घेण्यापासून रोखू शकतो. गरीब शेजाऱ्यावर अशक्य बोजा पडू नये आणि दुसऱ्याचे छतही कायमचे जाऊ नये, असा हा समतोल आहे.

इराकमध्ये युद्ध व दहशतवादाने पीडित झालेल्यांना भरपाई देण्यासाठी २००९ चा कायदा क्रमांक २० अस्तित्वात आहे. परंतु कायदा असणे आणि विधवेच्या हाती रक्कम पडणे यांत मोठे अंतर असते. कागद जळालेले, पतीच्या मृत्यूचा दाखला मिळालेला नाही, कचेऱ्यांचे हेलपाटे संपत नाहीत, अशा स्थितीत हक्क कागदावरच राहतो. अशा माणसाचा अर्ज भरून देणे, त्याच्यासोबत साक्षीला जाणे, हेही भिंत उभारण्याइतकेच पुण्याचे काम आहे. अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचत्या करा, हा सूरह निसामधील आदेश (आयत ५८) अशा वेळी प्रत्येक कारकून, अभियंता व मुकादम यांना उद्देशून असतो.

चौथा हक्क : पाणी, पूल आणि मजुरी

ढिगारा उपसून टाकायचा कोठे? तो नदीकाठी लोटून दिला, तर पाणी दूषित होते आणि एकाचा ढिगारा दुसऱ्याच्या घरातील आजार बनतो. त्याऐवजी विटा, काँक्रीट, लोखंड आणि लाकूड वेगवेगळे करता येते. काँक्रीट भरडून त्याची खडी करता येते आणि ती रस्त्यांच्या भरावासाठी वापरता येते. मोसूलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने असे ढिगारा भरडण्याचे काम झाले आणि त्यातून स्थानिक लोकांना मजुरीही मिळाली. पाणीशुद्धीकरण केंद्रे, वीज उपकेंद्रे, शाळा व पूल यांची दुरुस्ती हे असेच सार्वजनिक हक्क. मालकाविना कोणतेही घर पूर्ण होत नाही, तसे नळाच्या पाण्याविना कोणतेही घर वसत नाही.

सूरह कहफमध्येच जुलकरनैन यांचा वृत्तान्त आहे. पीडित लोकांनी त्यांना संरक्षक बांध घालून देण्याची विनंती केली आणि मोबदला देऊ केला. त्यांनी धन नाकारले, परंतु लोकांकडून श्रमबळ मात्र मागितले (आयत ९४ ते ९६). मदत कशी करावी, याचा हा आदर्श आहे. मदत करणाऱ्याने पीडितांना केवळ घेणारे बनवू नये, तर त्यांनाच उभारणारे बनवावे. मोसूलमध्ये युनेस्कोने जे काम हाती घेतले, त्यात स्थानिक तरुणांना दगडकाम, सुतारकाम अशा कारागिरीचे प्रशिक्षण देण्यात आले. आणि ज्याने घाम गाळला, त्याची मजुरी घाम सुकण्याआधी देण्याची शिकवण प्रेषितांनी (स.) दिलेली आहे. निधी अडकला, ही सबब मजुराच्या चुलीपुढे चालत नाही.

पाचवा हक्क : अल्लाहच्या घराचा

आता मशिदीकडे येऊ. अन्-नूरी मशिदीची पुनर्बांधणी ही मोसूलच्या कामातील सर्वांत गाजलेली बाब ठरली. २०१८ मध्ये युनेस्कोने मोसूलच्या पुनरुज्जीवनाचा उपक्रम सुरू केला. मशिदीसाठी संयुक्त अरब अमिरातीने ५ कोटी डॉलरहून अधिक निधी दिला. ढिगाऱ्यातून मूळ विटा हाताने वेचून जपून ठेवण्यात आल्या आणि हजारो विटा मनोऱ्यात पुन्हा बसवण्यात आल्या. कललेला मनोरा पूर्वीसारखाच कललेला उभारण्यात आला. १ सप्टेंबर २०२५ रोजी इराकच्या पंतप्रधानांच्या हस्ते मशिदीचे उद्घाटन झाले. याच उपक्रमात जुन्या शहरातील शंभरहून अधिक घरे आणि ख्रिस्ती बांधवांची दोन प्रार्थनास्थळेही पुन्हा उभी राहिली. ती पाडणाऱ्यांनी मशीद आणि चर्च असा भेद केला नव्हता, उभारणाऱ्यांनीही केला नाही.

तरीही एक प्रश्न मनात येतो. जेथे अनेक कुटुंबांची घरे अजून पडलेली आहेत, तेथे मनोऱ्याची घाई कशासाठी? हा प्रश्न श्रद्धाहीन माणसाचा आहे असे समजू नये. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांनी एकदा काबागृहाकडे पाहून त्याच्या थोरवीचा उच्चार केला आणि लगेच म्हटले की अल्लाहपाशी श्रद्धावंताची प्रतिष्ठा याहून मोठी आहे. मग मशीद व घर यांच्यात काय नाते असावे?

याचे उत्तर मशीद-ए-नबवीच्या पायात आहे. प्रेषित (स.) मदीनेत आले तेव्हा मशिदीसाठी निवडलेली जागा सहल व सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. मुलांनी ती विनामूल्य देऊ केली, पण प्रेषितांनी (स.) ती दान म्हणून घेण्यास नकार दिला आणि किंमत देऊनच घेतली. त्या जागेवर जुन्या कबरी, पडकी बांधकामे व खजुरीची झाडे होती. आधी जागा साफ करण्यात आली, पडझड सपाट करण्यात आली आणि मग विटा रचल्या गेल्या. त्या विटा सोबत्यांबरोबर स्वतः प्रेषितांनीही (स.) वाहिल्या. म्हणजे इस्लामच्या या थोर मशिदीचा आरंभही अनाथांचा हक्क चुकता करून आणि पडझड उपसूनच झाला.

मोसूलच्या मशिदीचा इतिहासही हाच धडा देतो. सुलतान नूरुद्दीन जंगी यांनी इ.स. ११७२-७३ मध्ये ती उभारली. हेच नूरुद्दीन ११५७ व ११७० च्या भूकंपांत ढासळलेली सीरियातील शहरे व तटबंद्या पुन्हा बांधून घेणारे शासक होते. इतिहासकारांनी नोंदवले आहे की मोसूलच्या मध्यभागी एक मोठी पडीक, उजाड जागा होती आणि जो ती बांधायला घेईल त्याचे आयुष्य संपते, अशी अफवा लोकांत पसरली होती. शेख उमर अल्-मल्ला या सत्पुरुषाच्या सल्ल्याने सुलतानाने तेथेच मशीद बांधण्याचे ठरवले. लगतची घरे व दुकाने घ्यावी लागणार होती. तेव्हा मालकाच्या राजीखुशीशिवाय काहीही घेऊ नये, असा त्यांनी हुकूम दिला आणि मालकांना पुरेपूर किंमत देण्यात आली. ज्यांच्या हाती तलवार होती, त्यांनी दुकानदाराची संमती मागितली. पुढे साडेआठशे वर्षांनी ज्यांनी ती मशीद उडवली, त्यांनी कोणाला काही विचारले नव्हते.

तेव्हा मशीद आधी की घर आधी, हा वाद येथे मिटतो. ज्या मशिदीच्या पायात शेजाऱ्याचा हक्क चुकता झालेला आहे, ती शहराला पुन्हा वसवते. ज्या मनोऱ्याच्या सावलीत अनाथाचे घर पडून राहते, तो मनोरा आपल्यावर साक्षीदार म्हणून उभा राहतो.

आपल्यासाठी बोध

आज हा विषय केवळ मोसूलचा राहिलेला नाही. २०२५ च्या आरंभी गाझा पट्टीतील ढिगारा ५ कोटी टनांहून अधिक असल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता, म्हणजे मोसूलच्या सहा पटींहून अधिक. त्याच्याखाली देह आहेत, न फुटलेले बॉम्ब आहेत, घरांच्या चाव्या व खरेदीखते आहेत. तेथील पुनर्बांधणीच्या योजना जगभरात आखल्या जात आहेत. प्रत्येक योजनेला एकच प्रश्न विचारावा लागेल : ही भिंत कोणाची, हे विचारून ती आखली आहे काय?

वाचकहो, आपण तेथे जाऊन वीट उचलू शकणार नाही. परंतु सदका देताना मृतांच्या दफनाचा, स्फोटके निकामी करण्याचा, कागदपत्रे मिळवून देण्याचा खर्चही सदकाच आहे, हे ध्यानात ठेवू शकतो. आणि ईमानची सर्वांत खालची शाखा तर आपल्या दारातच आहे. घराची दुरुस्ती करून राडारोडा गल्लीत लोटून देणारा, शेजाऱ्याच्या हद्दीत हातभर भिंत सरकवणारा, भावाच्या अनाथ मुलांच्या पडक्या घराचे दगड उचलून आपला गोठा बांधणारा माणूस उद्ध्वस्त शहरांसाठी रडला, तरी त्या अश्रूंचा काय उपयोग? वाटेवरून काटेरी फांदी दूर करणाऱ्या माणसाला अल्लाहने त्या एका कृत्यासाठी क्षमा केली, असे हदीसमध्ये आले आहे.

शेवटी सूरह बकरामधील त्या माणसाची आठवण करू, जो छपरांसह कोसळलेल्या एका वस्तीवरून जात होता. हिला मृत्यूनंतर अल्लाह पुन्हा कसे जीवन देईल, असा प्रश्न त्याला पडला. अल्लाहने त्याला शंभर वर्षे मृत ठेवून उठवले आणि त्याच्या डोळ्यांदेखत हाडे जुळून त्यांवर मांस चढताना दाखवले (आयत २५९). पुनर्जीवन हाड हाडाला जुळत जाताना त्याने पाहिले. उद्ध्वस्त शहरही असेच उठते. वीट विटेला जुळत जाते, आणि प्रत्येक वीट तिच्या हक्कदाराच्या जागी बसते.

अल्लाह आपल्याला दुसऱ्याच्या भिंतीचे राखणदार होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.